शेनिनबाई

द्राक्षं सांगलीकडच्या सरबताच्या कारखान्याला जाणार, एवढंच ऋषभनं बापाला सांगितलं होतं. दारूचं नाव काढलं असतं, तर नेमगोंडा आण्णांनी लागणच होऊ दिली नसती. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा न पिणारा जैन माणूस तो. लेकानं खोटं बोलून शिरोळजवळच्या मळ्यात एकरभर शेनिन ब्लाँ ही वाइनची परदेशी द्राक्षं लावली, आणि वाढवली मात्र आण्णांनी.

ते नाव जिभेवर बसेना, म्हणून आण्णा तिला शेनिनबाई म्हणत. बाई हट्टी. मणी बारीक, बियांचे. घड इतका गच्च, की आत पाणी अडकलं तर एका मण्यापायी सगळा कुजायचा. साखर भरली तरी आंबटपणा काही सुटायचा नाही. कुणी खाऊन तोंड वाकडं केलं, की आण्णा तिची बाजू घेऊन भांडत. तीन वर्षं पहिला घड त्यांनी स्वतःच्या हातानं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवापुढं ठेवला. ऋषभ शेजारी हात जोडून उभा असायचा. तेव्हाच सांगायला हवं होतं; जीभ उचलली नाही.

२००७च्या श्रावणात वायनरीचा माणूस मोठ्या कौतुकानं बाटली घेऊन आला. नातीनं, दीपानं, लेबल वाचून दाखवलं. पांढरी वाइन, आणि खाली मळेवाल्याचं नाव: नेमगोंडा पाटील. आण्णांनी ते पुन्हा वाचायला लावलं. त्या दिवसापासून ते ना ऋषभशी बोलले, ना बस्तीची पायरी चढले.

ऋषभ क्षमावणीची वाट बघत राहिला. पर्युषणानंतरच्या त्या दिवशी माणूस वैऱ्यालाही क्षमा करतो, मग बाप करणार नाही? सकाळी आण्णांनी गड्याची, शेजाऱ्याची, बांधावरून कोर्टात गेलेल्या भावाचीही क्षमा मागितली. ऋषभ पायांवर पडला.

"आण्णा, चुकलं माझं. क्षमा करा."

आण्णांनी पाय मागं घेतले, करवत उचलली आणि मळ्याची वाट धरली. चातुर्मासात हिरवी काडी न मोडणारा माणूस. पहिल्या वेलीपुढं त्यांनी हात जोडले.

"बाई, तुजा दोष न्हाय. तू आंबट हुतीस, पर खोटी नव्हतीस. मला क्षमा कर."

मग ती कापली.

आठ दिवस हेच चाललं. प्रत्येक वेलीपुढं आधी हात जोडायचे, मग करवत. ऋषभ रोज ओळीच्या टोकाला उभा राहायचा. वेली संपल्यावर तरी आपली पाळी येईल, या आशेनं.

शेवटची वेल पडली. आण्णांनी करवत धोतराला पुसली आणि ऋषभच्या शेजारून ते घरी निघून गेले.