गणिताच्या मास्तरांचं पत्र

"बाई, बाजूला व्हा! पाय गेला यंत्रात तर मला बोल लावाल!" क्लोव्हिस वरनं ओरडला, पण काढणीचं यंत्र काही त्यानं थांबवलं नाही.

आयडेलाबाई हलल्या नाहीत. गमबूट नडगीपर्यंत चिखलात रुतले होते, वाऱ्यानं डोक्यावरचा रुमाल गळ्यात आला होता, तरी त्या सरीच्या मधोमध उभ्या.

"थांबव आधी. बोलायचंय तुझ्याशी."

"बोला की. म्या ऐकतोय."

"या खडखडाटात? माझा घसा काय लोखंडाचा आहे?"

यंत्र थांबलं. क्लोव्हिसनं पश्चिमेकडं बघितलं. आभाळ शिशासारखं जड झालं होतं. एकदा जमीन गोठली की आतला बटाटा आतच राहतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार उत्तरेला, जिथनं नदीपलीकडं कॅनडा दिसतो, त्या टापूत बटाट्याची काढणी आली की शाळेलाच सुट्टी देतात. पोरं शेतात, मास्तर शेतात. पण कॉलेजांना त्याचं काय? त्यांच्या अर्जाची मुदत नोव्हेंबरच्या एक तारखेला येऊन ठेपतेच. शाळेतल्या पोरांचे कॉलेजचे अर्ज बघायचं काम आयडेलाबाईंचं. त्यामुळं सुट्टी लागली की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. कुणाचा निबंध अर्धा, कुणाच्या आईची सही नाही, कुणाचा बाप म्हणतो, एवढं शिकून बटाटे काय चौकोनी होणारेत? रात्री आडवं झालं तरी कुणाचं काय राहिलं ते डोक्यात फिरत राहायचं. क्लोव्हिसलाही लहानपणी त्यांनीच शिकवलेलं, म्हणून तो अजून त्यांना बाईच म्हणायचा.

"तुझ्या मिरेलचं सगळं झालंय," बाई म्हणाल्या. "एकच राहिलंय. तिला पूल बांधायचं शिकायचंय. त्या कॉलेजला गणिताच्या मास्तरांचं शिफारसपत्र लागतं."

क्लोव्हिसचा चेहरा आवळला. आख्ख्या शाळेत गणिताचा मास्तर एकच, हार्लन वॉर्डवेल.

"त्याचं नाव माझ्या रानात घ्यायचं न्हाई."

"मग कुणाचं घेऊ? दुसरा मास्तर उगवून आणू का जमिनीतनं?"

"पोरगी घरी बसंल. पर म्या त्याच्या दारात जाणार न्हाई, आन् तिलाबी जाऊ देणार न्हाई. सांगून ठिवलंय तिला."

यंत्र पुन्हा खडखडायला लागलं.

भांडण जुनं होतं. एका वसंतात क्लोव्हिसच्या वखारीमागं टाकाऊ बटाट्यांचा ढीग न पुरता तसाच उघडा पडून राहिला. त्याला कोंब फुटले, कोंबांवर करपा आला, आणि रस्त्यापलीकडं हार्लनचं बेण्याच्या बटाट्यांचं रान करपून गेलं. हार्लन शाळा सांभाळून बेणं पिकवायचा. करप्यानं डागाळलेलं बेणं कोण घेतो? त्यानं गावाच्या सभेत उभं राहून क्लोव्हिसकडं बोट दाखवलं. क्लोव्हिस म्हणाला, "करपा काय माझ्या घरचा गडी हाय, म्या सांगंन तिकडं जायाला? वाऱ्यानं आला आसंल." त्या दिवसापासनं दोघं चर्चमध्येसुद्धा दोन टोकांना बसायचे.

बाई तशाच चिखलाच्या बुटांनी हार्लनकडं गेल्या. तो वखारीत एकटाच सरकत्या पट्ट्यावर बटाटे निवडत होता. बायको पाठ धरून अंथरुणात होती, आणि गडी दुसऱ्या शेतावर पळाला होता.

"मी नाही कुठं म्हटलंय?" हार्लन म्हणाला. हात चालूच. "पण लिहू काय, आयडेलाबाई? तीन वर्षं पोरगी माझ्या वर्गात बसतेय. मागच्या बाकावर, मान खाली. पेपर काढावा तर चूक सापडत नाही. पण कधी हात वर नाही की प्रश्न नाही. बापानं बोलायचं नाही म्हटलंय, म्हणून ती बोलत नाही."

"तेवढंच लिहा की."

"मुक्या पोरीचं पत्र कोण वाचतो? तिनं यावं, स्वतः मागावं. तुम्ही मागून नाही देणार मी."

बाईंना चीड आली. एक म्हणतो जाऊ देणार नाही, दुसरा म्हणतो आल्याशिवाय देणार नाही. मधल्या मधे पोरीचं वर्ष जायचं. त्यांनी रानाच्या कडेला ट्रकजवळ मिरेलला गाठलं. पोरगी सतरा वर्षांची, बापासारखी रुंद हाडाची. बटाट्याचा ट्रक वखारीत नेऊन ओतायचं काम तिचं.

"जाशील का मास्तरांकडं?"

मिरेल हातमोज्यावरची माती खरवडत राहिली. "पप्पांचा जीव लई हाय माझ्यावर, बाई. पर ते जाऊ देत न्हाईत."

"जीव आहे ते मला नको सांगूस. तू जाशील का ते सांग."

मिरेल ट्रकात चढली आणि धाडकन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्लोय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, काकवीत बुडवून पहिला घास घेतात न घेतात तोच दारात क्लोव्हिसची गाडी करकचून थांबली.

"चला! तुमीच शिकवलंय, तुमीच बगा! ट्रक रानात हुबा, आन् माझी पोरगी त्या हार्लनच्या वखारीत बटाटं निवडतीया. आख्खा गाव बगतोय!"

घास तसाच ताटात पडला. वाटेत क्लोव्हिसनं गाडी खड्ड्यातनं अशी पिटाळली की बाईंचे दात वाजले.

वखारीत पट्टा चालू होता. एका बाजूला हार्लन, दुसऱ्या बाजूला मिरेल.

"चल घरी," क्लोव्हिस म्हणाला.

"पप्पा, मी मागायला आले हुते," मिरेल म्हणाली. "पर सकाळधरनं तोंड उघडंना. म्हणून निवडत बसले. नुसतं हुबं तरी किती ऱ्हायचं?"

हार्लननं पट्टा बंद केला. छपरावरचा वारा ऐकू यायला लागला.

मिरेलनं बापाकडं बघितलं, मग मास्तरांकडं. "सर, माझ्यासाठी पत्र लिहाल का?"

तीन वर्षांत मास्तरांशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. क्लोव्हिस मात्र कुणाकडंच बघत नव्हता. मागच्या उघड्या दारातनं त्याला हार्लनच्या टाकाऊ बटाट्यांचा ढीग दिसत होता, छातीएवढा उंच, पावसानं भिजलेला.

"पुरला न्हाई ह्यो?" त्यानं विचारलं. हार्लनशी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"कोण पुरणार? माणूस कुठंय माझ्याकडं?"

क्लोव्हिस वळला आणि चालता झाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंना वाटलं, झालं, संपलं. त्यांनी हातमोजे चढवले आणि पट्ट्याशी उभ्या राहिल्या. हाताला काही तरी काम हवं होतं.

बऱ्याच वेळानं रस्त्यावर घरघर ऐकू आली. क्लोव्हिस पुढं मोठं खोरं असलेला लोडर घेऊन येत होता. वखारीला वळसा घालून तो मागं गेला, आणि कुणाला न विचारता खड्डा खणायला लागला. ओली काळी माती वर येत राहिली. मग त्यानं ढीग खोऱ्याखोऱ्यानं आत ढकलला, वर माती लोटली, आणि त्यावरनं लोडर पुढंमागं फिरवून जमीन दाबली. हार्लन दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. क्लोव्हिसनं माफी मागितली नाही, आणि हार्लननंही मागायला लावली नाही.

लोडर दारापाशी थांबला.

"गणितात कशी हाय पोरगी?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"म्या कुणाला इचारनार हुतो?"

हार्लननं टोपी मागं सारली. "फळ्यावर माझं चुकलं की तिला आधी कळतं. पेन खाली ठेवते आणि खिडकीबाहेर बघत बसते. तेव्हा मी ओळखतो, की चुकलं काही तरी."

क्लोव्हिसनं लोडर बंद केला. "मंग ती काय हितं परत येत न्हाई."

"बहुतेक नाही."

"हं." त्यानं नाक ओढलं. "हे खिडकीचंबी लिवा."

हार्लन मिरेलला म्हणाला, "आत चल. पत्र लिहायचं तर तासभर बोलावं लागेल मला तुझ्याशी. तीन वर्षांचं साठलंय." ती हात धुवायलासुद्धा थांबली नाही.

आभाळ आणखी खाली आलं होतं. क्लोव्हिस बाईंकडं वळला. "झालं तुमच्या मनासारखं? आता ट्रक कोण चालवंल? जमीन काय तासभर थांबायची न्हाई."

"मी चालवते."

"तुमी?"

"तुझ्या बापाचा चालवलाय मी, तू पाळण्यात होतास तेव्हा."

गियर पडताना ट्रकानं असा आवाज केला की क्लोव्हिसनं डोळे मिटून घेतले. सरीतनं ट्रक हेलकावे खात निघाला, यंत्रातनं बटाटे धडधड पडू लागले.

"हळू, बाई! बटाटं हायत, धोंडं न्हाईत! आन् पुढल्या वर्षाला काय करू म्या?"

"पुढल्या वर्षाचं पुढल्या वर्षी!" बाई खिडकीतनं ओरडल्या. "तू यंत्र सरळ ठेव!"

दुपार कलायच्या आत अर्ज राहिलेल्या पोरांची अजून दोन घरं गाठायची होती. त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला.