एक वाजताचा घास

“मानेमागची कातडी धरा, ताई, गळा नाय. जाईचं फूल तोडताना बोटं कशी अलगद ठेवतो, तशी ठेवा.”

मी जन्मात जाईचं फूल तोडलेलं नव्हतं, पण मखमलाबादच्या माळ्याच्या घरात वाढलेल्या रंगनाथमामांना ते सांगून उपयोग नव्हता. २००४ साली नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ला येणाऱ्या प्रत्येकाला उंदीर धरायला उंदरांची निगा राखणारे हे मामाच शिकवायचे. जीन थेरपी सर शिकवायचे, हात मामा घडवायचे.

उंदरांच्या खोलीत दिवसाची रात्र केलेली असे. मंद लाल दिवा, लाकडाच्या भुशाचा वास, कुठेतरी चाललेलं कुरतडणं. आत गेलं की बाहेरचं ऊन आपण कधीतरी स्वप्नात पाहिलं होतं, असं वाटे. त्या जातीच्या उंदरांना मोठं झाल्यावर माणसासारखा कंपवात व्हायचा. सरांनी नंबर टाकून दिलेल्या बाटल्यांतलं द्रव्य मी वीस उंदरांच्या मेंदूत सुईने टोचलं होतं. दहांना निरोगी जनुक, दहांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते सरांच्या कपाटातल्या बंद पाकिटात होतं. कंप वाढेल त्याला खाता येणार नाही आणि तो वाळेल, हा आमचा हिशेब, म्हणून आम्ही फक्त वजनं मोजत होतो.

आठव्या आठवड्यात वीसच्या वीस गुटगुटीत निघाले.

“दोन्ही गटांत फरकच नाही. जनुक फुकट गेलं, योगिनी,” सर म्हणाले. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. मी घरी जाऊन पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, दाणा टाकायच्या वेळी, मी त्या खोलीत गेले, तर मामा जमिनीवर बसलेले. तळहातावर थरथरणारा उंदीर, बोटावर पाण्यात भिजवलेला दाणा.

“मामा, हे काय?”

“याला दाणा धरता येत नाय, ताई. घरी बायकोला, आमच्या मालनला, भरवतो तसंच भरवलं. गजरे करायची ती, हात कसे चालायचे. आता तेच हात कापतात, घास तोंडापर्यंत जात नाय तिचा.”

“माझी दोन वर्षं उंदरांना भरवलीत तुम्ही,” मी ओरडले. मग एकदम सुचलं म्हणून विचारलं, “कुणाकुणाला?”

“कापतात त्यांनाच. दहा हायेत.”

सरांनी पाकीट उघडलं. ते दहाही मिठाच्या पाण्याचे होते. जनुक लागू पडलं होतं, पण भरवलेल्या उंदरांची वजनं प्रबंधात लिहिता येणार नव्हती. नवी पिल्लं वाढवून प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरला.

मामांना सगळं समजावून सांगितलं.

“म्हंजी औषध हाय.”

“उंदरांना, मामा. माणसांपर्यंत यायला पंधरा-वीस वर्षं तरी.”

“बरं,” ते म्हणाले. “परत करा. आता भरवणार नाय मी. पण एक वाजता मला हितं ठेवू नका. बघवत नाय. घरी जाऊन तिला भरवून येतो.”

वर्षभर ते रोज एकला सायकल काढत राहिले. पौषात मालनबाई गेल्या. तेराव्यानंतर मामा कामावर आले आणि एक वाजता सवयीने बाहेर पडून फाटकाशीच थांबले. मला त्यांच्याकडे बघवेना.

माघात शेवटची वजनं झाली. दहा उंदीर वाळून गेले होते, दहा धडधाकट होते. मी वही मिटली आणि एक वाजता फाटकाशी गेले, मामा तिथेच होते.

“मामा, झाला प्रयोग. आज भरवलंत तरी चालेल.”

आत येऊन मामांनी हात धुतले, दाणा भिजवला आणि सगळ्यात वाळलेला उंदीर तळहातावर घेतला. त्याचं पोट भरेपर्यंत त्यांनी हात हलू दिला नाही.