तीन नंबरची चीर

परवा वर्कशॉपमध्ये आलेल्या एका गृहस्थानं माझ्यात पेन खोचलं. त्याला वाटलं, मी पेनं ठेवायचा डबा. वाटू दे बापडं. डोकं खाली, पाय वर करून टेबलावर उभं केलं की कुणीही डबाच दिसणार. पण मी पिस्टन आहे, चार भावांतला तीन नंबरचा. अकरा वर्षं एका गाडीच्या इंजिनात मिनिटाला दोन-तीन हजार वेळा वरखाली केलंय मी, आणि त्या सगळ्या काळात माझ्याकडे कुणाला ढुंकूनही बघावं लागलं नाही. आमच्यात यालाच मान म्हणतात.

जन्मानं मी ओतीव. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं, थंड झालं की लेथवर घासायचं आणि रिंगा बसायला कडेनं खाचा पाडायच्या, की झाला माझ्यासारखा पिस्टन. आमच्यात दुसरी एक जात असते, घडीव. तापल्या धातूचा गोळा जबरदस्त दाबाखाली चेपून तिला घडवतात. ती माणसं चिवट, पण तापली की फुगतात. आम्ही ओतीव नेमस्त. फार फुगत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये अंगाबरोबर बसतो आणि आवाज न करता काम करतो. जरा बढाई मारतोय खरा, पण म्हातारपणी एवढी चालते.

मला इंजिनात बसवलं या वर्कशॉपच्या मालकांनी, अण्णांनी. त्यांच्या बोटांची तेव्हा काय ख्याती होती! मोजायची यंत्रं कपाटात पडून असत. अण्णा पिस्टन रिंगांशिवाय सिलिंडरमध्ये उलटा सोडायचे, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये पोलादाची एक पातळ पट्टी सरकवायचे आणि डोळे मिटून ती दोन बोटांनी वर ओढायचे. पट्टी किती अडते, किती सुटते, यावरून फट बरोबर आहे की नाही ते सांगायचे. माझ्या वेळी लोण्यातून केस काढावा तशी ती पट्टी निघाली, आणि ते म्हणाले, "बसला गडी." त्या दोन शब्दांवर मी अकरा वर्षं काढली.

गाडी होती गुरांच्या डॉक्टरीणबाईंची. डोंगरावरच्या गोठ्यांपर्यंत जायचा खडा चढ, मागे औषधांच्या पेट्या, आणि बाईंचा पाय कायम जड. आमच्या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे बाहेरची हवा दामटून आत कोंबणारा पंखा. जितकी हवा जास्त, तितका माझ्या डोक्यावरचा दणका मोठा. मला तो झेपायचा. चढावर आम्ही चौघं एका सुरात घुमायला लागलो की बाई आत गुणगुणायच्या. तसं गुणगुणणं मी पुन्हा ऐकलं नाही.

मग बाईंनी कुठंतरी दुसरीकडं टर्बोचा दाब वाढवून घेतला. गाडी पळायला लागली, पण माझ्या डोक्यावर भलत्या वेळी स्फोट व्हायला लागले. कुणी हातोडी मारावी तसे ठोके बसायचे. एके दिवशी चढावरच माझ्या वरच्या दोन खाचांमधली कड तडकली. निळा धूर निघाला, आणि गाडी दोरीनं ओढत अण्णांच्या दारात आली.

तोवर तिथं अण्णांची लेक कामाला लागली होती. घरात तिला ठकी म्हणतात. ती सहा वर्षं एका कारखान्यात मापं घ्यायचं काम करून आलेली. येताना तिनं स्वतःचं मायक्रोमीटर आणलं होतं, आणि अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या ठकीला भाकरीसुद्धा मोजून लागते."

मला बाहेर काढून पुसलं. अण्णांनी हातात घेतलं, आणि इतक्या वर्षांनी ती बोटं अंगावरून फिरली तेव्हा मी सुखावलो. अंगठा खाचांवरून गेला, बरोबर माझ्या चिरेवरून गेला, आणि पुढं सरकला.

"याला काही झालेलं नाही," अण्णा बाईंना म्हणाले. "बाकीच्या तिघांतच काहीतरी असणार. नवे घालू, पण असेच ओतीव. अकरा वर्षं चाललेत."

ठकी शेजारीच उभी होती. तिला चीर दिसत होती. ती अण्णांच्या अंगठ्याकडे बघत राहिली, मग बाईंना म्हणाली, "दाब पहिल्यासारखा कमी करणार असाल तर ओतीव चालतील. नाहीतर घडीव घालावे लागतील."

"अडलेली गाय थांबत नाही गं," बाई म्हणाल्या. "मला वर लवकर पोचायचं असतं. दाब राहू दे."

म्हणजे घडीव. माझ्या जातीचा पत्ता कट झाला. पण मला त्याचं वाईट वाटायला उसंतच मिळाली नाही, कारण अण्णा लगेच म्हणाले, "घडीव तर घडीव. फट मात्र माझ्या हातची."

इथंच सगळं अडलं होतं. अण्णांच्या हातची फट माझ्यासारख्यांची, जेमतेम अर्ध्या केसाची. घडीव पिस्टन तापून फुगणार, त्याला निदान सव्वा केस मोकळीक हवी. अण्णांच्या फटीत बसवले असते तर पहिल्याच चढावर चारही जागीच अडकले असते, इंजिन बसलं असतं आणि अण्णांचं नावही.

बाई गेल्यावर ठकीनं मला उचलून वडलांच्या हातात दिलं. त्यांचा अंगठा धरून चिरेवर ठेवला.

"लागतंय काही?"

अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल," ते म्हणाले. "साखरेनं बोटं बधिर झालीत. डॉक्टर म्हणतो, परत यायची नाहीत."

ठकीचा चेहरा उतरला. "म्हणजे वर्षभर तुम्ही जी इंजिनं बसवलीत..."

"मोजून बसवलीत," अण्णा खाली मान घालून म्हणाले. "तू जेवायला गेलीस की तुझं मायक्रोमीटर काढायचो. मग लोकांसमोर पट्टी ओढायची, डोळे मिटायचे. लोकांना तेच बघायचं असतं."

ठकी हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र फक्त रडूच आलं असतं. ज्या बोटांनी मला जगात बसवलं, ती माझ्याआधीच कामातून गेली होती.

फट ठकीनं काढली, घडीव पिस्टनांबरोबर आलेल्या कागदाप्रमाणे. इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी टेबलावरूनच ऐकलं. खडखड, खडखड. डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. अण्णांचा हात किल्लीकडे गेला.

"ढिले झालेत, ठकी. बंद करतो."

"थंड आहेत अजून. पाणी तापू दे, अण्णा."

किल्लीवरचा तो हात मी बघत होतो. चाळीस वर्षांत अण्णांनी असल्या आवाजाचं इंजिन एक क्षणही चालू दिलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. मग डोळे मिटले. लोकांना दाखवायला नव्हे, खरोखरचे मिटले. हळूहळू खडखड विरत गेली आणि इंजिन एका सुरात घुमू लागलं.

"तीन नंबर सगळ्यांत शेवटी गप्प झाला," अण्णा म्हणाले. "त्याची फट बाकीच्यांहून जराशी जास्त आहे. बघ तुझ्या वहीत."

ठकीनं वही काढली. तीन नंबरपुढचा आकडा खरंच जरासा जास्त होता. तिनं वही मिटली आणि म्हणाली, "यापुढं कान तुमचे, बोटं माझी." अण्णांनी खिशातली पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली.

माझे तिघे भाऊ भंगारात गेले. मला अण्णांनी ठेवून घेतलं. रोज सकाळी दार उघडलं की ते माझ्यातली पेनं काढतात, मला हातात घेतात आणि अंगठ्यानं चीर शोधतात. सापडत नाही. "इथं का गं?" असं विचारतात, आणि ठकी हातातलं काम टाकून येते, त्यांचा अंगठा उचलून बरोबर चिरेवर ठेवते. "हां, लागली," ते म्हणतात. लागत नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक असतं.

म्हणून एवढंच मागतो. पेनं हवी तेवढी खोचा. पण अण्णा शोधताहेत तोवर मला वितळवू नका.