जाळीबाहेरची फांदी

मुलुंडच्या एका सोसायटीमागे, डोंगराच्या बाजूला, राडारोड्याने भरलेला एक पट्टा होता. इरावतीबाईंचे यजमान अण्णा होते तोवर दोघं तिथे संध्याकाळी बहुरूपी नावाची फुलपाखरं बघत. काळी, पंखांवर पांढरे ठिपके. मग ती दिसेनाशी झाली, आणि अण्णाही गेले. अण्णा काही परत येणार नव्हते. फुलपाखरं तरी यावीत म्हणून बाईंनी पट्टा साफ करून घेतला आणि इथलीच झाडं लावली, सगळ्यांत जास्त कढीपत्ता. बहुरूपीच्या अळ्या त्यावर वाढतात.

दुसऱ्या वर्षी अळ्या आल्या, तशा शेजारणीही. रुक्मिणी तर रोज सकाळी "दोन काड्या नेतंय गो" म्हणून यायची आणि एकेक काडी नखाने खुडत चांगला अर्धा तास गप्पा मारायची. एकदा तिच्या काडीवर अळी निघाली आणि बाईंचं डोकं फिरलं. "तुमच्या फोडणीसाठी नाही लावलेलं हे!" चारचौघींत म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी भोवती हिरवी जाळी, दाराला कुलूप.

कुणाचं काय अडलं? भाजीवाला कढीपत्ता फुकट देतो. अडलं ते बाईंचंच. बोलायला कुणी येईना, दिवसदिवस तोंडातून शब्द निघेना. कुरिअरवाल्यालाही त्या आग्रहाने पाणी विचारायला लागल्या. एकटेपण खायला उठायचं, पण माघार घेतील तर त्या इरावतीबाई कसल्या!

एवढं करून फुलपाखरंही दिसेनात. जाळीत झाडं उंच वाढली, पानं जून झाली, अळी औषधालाही सापडेना.

एका सकाळी बहुरूपीची मादी आली. बाई श्वास रोखून बघत राहिल्या. तिने आतली सगळी झाडं सोडली आणि जाळीतून बाहेर आलेल्या एकाच फांदीवर बसली. बाई जवळ गेल्या. फांदी जागोजागी नखाने खुडलेली होती, आणि खुडलं तिथे लुसलुशीत पालवी फुटलेली. अळ्यांना कोवळंच पान लागतं, आणि न खुडलेल्या झाडाला ते फुटणार कुठून? पालवीवर दोन अळ्या होत्या. खुडणाऱ्या हाताने त्यांची पानं तेवढी शाबूत ठेवली होती.

नखाने खुडायची सवय एकट्या रुक्मिणीचीच. बाईंना रडूच आलं.

त्यांनी जाळी सोडवून काढली आणि रुक्मिणीची बेल वाजवली. दार अर्धवट उघडलं.

"होय, मीच खुडतंय," रुक्मिणी म्हणाली. "ओरडूक इलंस?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. वर्षभर फारसा न वापरलेला आवाज चिरकला. "उद्यापासून आतलंही खुड. आणि खुडून लगेच जाऊ नकोस."