रघुनाथबाबांचा चुंबक आणि माझ्या पोटातला भोवरा

मी लोहखनिजाच्या जातीचा एक कण बोलतोय. केसाच्या रुंदीत आम्ही पाचशे जण बसतो, तेव्हा उगाच चष्मा पुसू नका.

माझ्या पोटात एक भोवरा आहे. माझ्यातले इवले इवले चुंबक गोल फेर धरून उभे असतात. अगदी मधल्याला फिरायला जागाच नाही, म्हणून तो बिचारा वर तरी तोंड करतो, नाहीतर खाली तरी. शेजारच्या कणातल्या मधल्याने तोंड वर केलं की त्याचा जोर मला खाली रेटतो. शेजारीच ते, दुसरं काय करणार!

हा जोर किती, ते मोजायला गोव्यातल्या मये गावच्या गौरवीने, संशोधन करते ती, आठ महिने खपून आम्हाला एका काचेवर मांडलं. एक वर, एक खाली. बेंगळुरूच्या मोठ्या यंत्रावर तिला एकच दिवस मिळाला होता, गणेश चवथीनंतरचा. म्हणून सणाला घरी येताना तिने आम्हाला डबीत घालून आणलं. "हात लावू नका," एवढंच तिने सगळ्यांना बजावलं.

हात कोण लावतो? तिचे वडील रघुनाथबाब तीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर होते. तिथली रीत अशी, की दगडाला चुंबक लावल्याशिवाय कोणाचा शब्द मानायचा नाही. लेक आंघोळीला गेली आणि बाबांनी कपाटातला खाणीवरचा जबर चुंबक काढला.

आम्ही पडलो एवढेसे, त्यांच्या हाताला काहीच ओढ लागली नाही. आमच्यात मात्र हलकल्लोळ, आठ महिन्यांची मांडणी मोडली! सगळ्यांची तोंडं झटक्यात वर. मंत्री येणार म्हणून उभे केलेले लोकसुद्धा इतके सरळ नसतात.

जेवताना बाबा हळूच म्हणाले, "बाय, तुका कोणी तरी फसयलां. ह्या डबींत लोखंडच ना."

गौरवीचा घास हातातच राहिला. "बाबा, चुंबक लायलो?"

"तीन फावट. खात्री नाका?" बाबांनी तीन बोटं दाखवली.

ती रडली नाही. यंत्रावरचा दिवस सोडत असल्याचं तिने सरांना फोनवर कळवलं आणि मग बाबांना सगळं समजावून सांगितलं. 

"खाण बंद जाली, मागीर कोणेच म्हाका फातर दाखयलो ना गो," ते म्हणाले. खाण बंद पडल्यापासून पारखायला एक दगडही त्यांना कोणी दाखवला नव्हता. मला फार वाईट वाटलं. रागही आला होता, तो कुठे गेला कळलं नाही.

आता मांडणी पहिल्यापासून. त्यासाठी आधी सगळ्यांची तोंडं एकीकडे करावी लागतात, आणि ते काम गौरवीने बाबांना दिलंय. ते धुतलेला शर्ट घालून येतात आणि तीनदा चुंबक लावतात. एकदा लावला तरी पुरतो, पण सांगणार कोण?

माझं मागणं एवढंच. तुमच्या घरी असा जुना पारखी असेल, तर नवी वस्तू त्याच्यापासून लपवू नका. आधी त्यालाच दाखवा. फक्त त्याचा चुंबक तेवढा अगोदर मागून घ्या.