सुतारकाकांची काठी

खोटं बोलत असेन तर तोंडात उरलेले हे दोन दात आत्ताच्या आत्ता या ओट्यावर गळून पडू देत! अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि पोरींनो, ‘झाली आजी सुरू’ म्हणून तोंडं वाकडी करू नका. वाकड्या तोंडाचीच गोष्ट आहे ही.

माझा धाकटा दीर नकला करायचा. एकदा झोप येईना म्हणून त्यानं कोंबड्याची बांग दिली, तर अख्खं गाव उठून औतं घेऊन शेतात! सूर्याला लाज वाटली, बिचारा धावतपळत वर आला. हसताय काय? विचारा कुणालाही. ज्यांना विचारायचं ते सगळे मेले, हा काय माझा दोष?

बायकोला तो ‘फटाकडे’ म्हणायचा. माझी जाऊ पटकन पेटायची, म्हणून फटाकडी. अंगणातून हाक यायची, “ए फटाकडे, पाणी आण!” ही आतून ओरडायची, “हात मोडलेत का?” आणि तांब्या घेऊन पळतच निघायची.

पण त्याची खरी गाजलेली नक्कल सुतारकाकांची. काकांना अर्धांगवायू होऊन गेलेला. उजवा हात लुळा, तोंडाची एक बाजू ओघळलेली, बोलायला गेले की नुसतं “ए... ए...” दीर त्यांच्या समोर बसून तसंच तोंड करायचा. काका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. दीर म्हणायचा, “तोंडावर करतो ती नक्कल. पाठीमागे करतो ती चहाडी.”

दवाखान्याची नर्सबाई गावात यायची. तिनं दिराच्या दंडाला पट्टा बांधला आणि कपाळावर हात मारला. “दादा, रक्तदाब फार चढलाय. ही गोळी रोज घ्या. तंबाखू बंद, वरून मीठ बंद.”

“मला काही होत नाही हो बाई.”

“हेच तर वाईट. आतल्या आत नासतं, कळत नाही.”

“डोकं दुखलं की घेईन. ऊन लागल्याशिवाय बैल सावलीत बांधतं का कुणी?”

सगळे हसले. गोळ्या कोनाड्यात गेल्या, त्यांच्यावर कोळ्यानं जाळं विणलं.

मग मळणीचा दिवस. वारा असा कोरडा की थुंकी ओठावर सुकावी. भुसा उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. दुपारी काम थांबलं. दीर पाणी प्यायला उठला, तर पेला हातातून निसटला. वळून आमच्याकडे बघतो तर तोंडाची उजवी बाजू खाली आलेली.

“अब्... बब्... ए...”

खळं हसून लोळायला लागलं. “वा रे पठ्ठ्या! आज तर हुबेहूब!” “काका, बघा तुमचा जुळा भाऊ आला!”

काका मात्र हसले नाहीत. गाडीच्या सावलीतून धडपडत उठले, काठी आपटायला लागले. “ए! ए! ए!”

“अरे, आता काकाच याची नक्कल करायला लागले!” कुणीतरी म्हणालं, आणि आणखी हशा पिकला.

दीर गुडघ्यात मुडपून खाली बसला. त्यावरही टाळ्या पडल्या. काका पाय ओढत त्याच्यापाशी गेले. डाव्या हातानं त्याचा उजवा हात वर उचलला आणि सोडला. धप्प. पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. धप्प.

मग हसू बंद झालं.

“अहो, पुरे झालं,” जाऊ म्हणाली. “अहो! पुरे म्हणते ना!”

तरी आम्ही शहाण्या माणसांनी काय केलं? ऊन लागलं म्हणून सावलीत निजवला. नाकाला कांदा लावला, तळवे चोळले. काका काठीनं गाडीचं चाक बडवत उभे. ठक, ठक, ठक. सगळे म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. सूर्य कलला तेव्हा जाऊला उमगलं. “अहो, गाडी जुंपा म्हणतायत ते! दवाखान्यात न्या म्हणतायत!”

साऱ्या गावात ज्याला काय झालंय ते कळलं होतं, त्या एकालाच बोलता येत नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, “याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत मेंदूतली नस फुटते. दुसरीत रक्ताची गुठळी अडकते. यांची गुठळी आहे. पाट तुंबला की पुढचं वावर सुकतं ना, तसं. लगेच आणलं असतंत तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं.”

“लगेच म्हणजे कधी?” जाऊनं विचारलं.

“तोंड वाकडं झालं तेव्हाच.”

“तेव्हा आम्ही हसत होतो,” जाऊ म्हणाली.

दीर घरी आला तो अर्धाच. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. सगळं कळायचं त्याला, शब्द तेवढा सापडायचा नाही. एकच उरला होता: “च्यायला.” पाणी हवं, च्यायला. ऊन आलं, च्यायला. जाऊ केस विंचरते, च्यायला. एवढा शंभर आवाज काढणारा माणूस! डॉक्टर म्हणाला, शिवी मेंदूत वेगळ्या कप्प्यात असते, ती पुष्कळदा वाचते. मधूनच उगाच रडायचा, मग रडल्याची लाज वाटून चिडायचा.

जाऊ समोर बसायची. “म्हणा, फ. फटाकडे. म्हणा ना.”

“च्या... च्यायला!”

“बरं, तर बरं. पाणी आणते.” आणि उठून जायची, पण आता पळत नव्हती.

सुतारकाका रोज यायचे. दोघं ओट्यावर शेजारी बसायचे. एक म्हणायचा “ए ए”, दुसरा म्हणायचा “च्यायला”. गावात कुणी हसलं नाही.

दुसरा झटका आला तेव्हा जाऊ गोठ्यात होती. मी उशाशी होते. त्यानं डोळे उघडले, दाराकडे बघितलं, आणि पहिल्यासारखं खणखणीत म्हणाला, “ए फटाकडे!” तिथेच मान टाकली.

जाऊ धावत आली तेव्हा मी हे तिला सांगितलं.

आता तुम्ही माझ्या दातांकडे का बघताय? बरं, ऐका. कोंबड्याची बांग खरी. सूर्य लाजला तेही खरं. एवढंच तेवढं मी रचलं. तो काहीच बोलला नाही गं. नुसता दाराकडे बघत राहिला.

आणि जाऊला ते कळलं होतं. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “अक्का, तुम्ही खोटं बोलता.”

मी मान खाली घातली.

मग तिनं त्याचा लुळा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, “कसं म्हणाले? पुन्हा एकदा सांगा.”