मेलेल्या माशाचा डबा

डबा घरात आला तो पूजाच्या पदराखालून. सून एखादी वस्तू झाकून आणते म्हटल्यावर छबूबाईच्या मनात पाल चुकचुकलीच.

"काय गं, चोरीचा हाय का?"

"न्हाई आत्या. सहादेवकाकांनी दिलाय. होडीच्या बुडाला लावायचा रंग हाय. त्यानं शेवाळ धरत न्हाई, शिंपल्या चिकटत न्हाईत म्हनले."

सहादेव हा छबूबाईचा धाकटा दीर. घर तिच्या घरापासून चौथं, पण चौदा वर्षांत तिनं त्याच्याशी शब्द काढला नव्हता. त्याचं नाव निघालं की ती 'ते पल्याडचे' म्हणायची. खरं तर पल्याडचं रान हिच्याच वाट्याला आलं होतं, आणि ते त्यानंच घातलं होतं. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीजवळचं रान त्यानं घेतलं आणि भावाला म्हणाला, "पल्याडची काळी तू घे दादा, सोनं पिकंल." सोनं पिकलं, नाही असं नाही. पण मधे धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे, वर्षाचे आठ-नऊ महिने होडीशिवाय त्या रानात पाय टाकता येत नाही, हे बोलायचं तो बरा विसरला. छबूबाईचा मालक हनुमंत साधा माणूस. हसत सही करून आला.

तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाचं तिनं काही घेतलं नाही. साखरसुद्धा.

पण या साली होडीचं काहीतरी करायलाच हवं होतं. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी हटलं की होडी काठावर ओढायची, बाभळीखाली पालथी घालायची आणि डांबर फासायचं, हीच रीत. दोन वर्षं डांबराला पाणी दाद देईना. बुडाला बोकडाच्या दाढीसारखं शेवाळ लोंबायचं, त्यात शिंपल्या. गेल्या भादव्यात मुलगा ज्ञाना आणि पूजा कांद्याचं रोप घेऊन निघाले, मधेच वारं सुटलं, आणि जड झालेली होडी वेळेवर वळेना. बुडालेल्या बाभळीच्या खोडावर आदळता आदळता वाचली. छबूबाईनं ते काठावरून पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं जेवताना दोघांना शिव्या दिल्या आणि स्वतः ताटावरून तशीच उठली.

म्हणून तिनं डबा फेकला नाही. उन्हात नेऊन चारी बाजूंनी बघितला.

झाकण गंजलेलं. अक्षरं इंग्रजी; मराठी असती तरी तिला चार ओळी वाचायला दुपार लागली असती. पण चित्राला कुठं शाळा लागते? लाल चौकटीत एक मासा, पोट वर करून मेलेला. त्याच्या शेजारी एक झाड, पान नाही, पालवी नाही.

"ज्ञाना! हे बघ. मेलेला मासा आन वठलेलं झाड. ही काय भेट झाली? आपल्या घरावर काढलंय हे."

ज्ञानेश्वरनं डबा फिरवला. "आई, ते कंपनीनं छापलेलं असतंय. पन तारीख बघ, आठ वर्षांमागची हाय."

"आठ वर्षं! आठ वर्षं सांभाळून आता आठवन झाली व्हय? आन ते बी पूजाच्या हाती, माझ्या माघारी?"

ज्ञानेश्वर उठला. आई अशी सुरू झाली की त्याला गोठ्यात हमखास काम निघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विळ्याच्या टोकानं झाकण उचकटलं. नाकाला पदर लावून आत डोकावली. वर तांबूस, तेलासारखं पातळ. काडी खाली घातली तर बोटभरावर अडकली, खाली नुसती राड. काडीला आला तो विटकरी चिखल.

"बघा! निम्मा डबा गाळ. वर चार पळ्या तेल दावायला."

आता छबूबाईच्या घरात गाळाचं एक ठरलेलं होतं. आईकडून आलेलं. फुगवट्याचं गढूळ पाणी असो, घाण्यावरचं तेल असो, बसू द्यायचं; वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं आणि तळाचं उकिरड्यावर. उभ्या जन्मात तिनं कुणाला गाळ वाढला नव्हता. तिनं तसंच केलं. डबा हलू न देता वरचं पातळ जर्मनच्या पातेल्यात ओतलं, ताट झाकलं, आणि त्यातलंच थोडं फडक्यानं होडीच्या मागच्या फळीला पुसून बघितलं. ओलं असताना फळी तुपासारखी चकाकली.

संध्याकाळी बोट फिरवलं. फळी होती तशी. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, कांद्याच्या सालीसारखा.

झालं. खोटा रंग. हा लावून होडी पाण्यात घातली असती, भरवशावर राहिलो असतो, आणि भादव्यात पुन्हा ते खोड. या वेळी चुकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत तिनं गाळाचा डबा काखेत मारला आणि निघाली. पूजा मागून धावली. "आत्या, अवो निदान चप्पल घाला." चप्पल घालायला थांबली असती तर राग निवला असता, आणि तिला तो चौथ्या घरापर्यंत पुरवायचा होता.

सहादेव ओट्यावर बसून नातवाची सायकल पुसत होता. मुंबईच्या गोदीत तीस वर्षं बोटींची बुडं रंगवून आलेला माणूस. पाठीला बाक आला होता, नखांच्या कडा अजून तांबड्याच होत्या. वहिनीला दारात बघून हातातलं फडकं खाली पडलं.

"वैनी?"

"हा घ्या तुमचा गाळ. आमच्याकडं उकिरड्यात जागा न्हाई, म्हनून परत आनला."

सहादेवनं डब्यात वाकून पाहिलं. मग तिच्याकडं. "आन वरचं कुठाय?"

"वरचं घरात हाय, पातेल्यात. त्यातलंच लावून बघितलं. नखानं निघतंय."

तो हसायला लागला. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. छबूबाईला वाटलं, डबा याच्या डोक्यात घालावा.

"अवो वैनी, औषध तर ह्ये हाय! तांब्याची पूड. जड असती, तळाला बसती. वरचं नुसतं तिला फळीवर न्हेनारं वाहन. तुमी घोडा ठेवला आन नवरदेव परत आनला."

"मला नका शिकवू. आठ वर्षांत काय बी नासतं."

"नासतं की. ह्ये बी नासलं असंल, म्यां कुठं उघडून बघितलं?" त्यानं सायकलच्या चाकाजवळ पडलेली पट्टी उचलली. "तुमीच बघा. तळ दगडावानी लागला, न्हाईतर खरवसावानी थुलथुलीत झाला, तर डबा गेला. आन पट्टी शिरून लोण्यावानी निघाला तर चालतो. माझ्या हातानं केलं तर म्हनाल, हातचलाखी केली."

छबूबाईनं पट्टी घेतली. मनगटाचा जोर लावून खुपसली. तळाला टेकली तसं काहीतरी घट्ट लागलं, आणि तिला आतून बरं वाटलं, बघा, दगड. पण तिनं पट्टी तिरकी केली आणि तो थर हळूहळू सुटला. मऊ, जड, लाल. पट्टीवर आलेला गोळा तिनं निरखून बघितला. खडा नव्हता.

"मग मेलेला मासा कशाला काढलाय?"

"ईख हाय म्हनून. शेवाळाला बी आन माशाला बी. घासलेली रंगाची भुकटी आन धुतलेलं पानी फुगवट्यात सोडायचं न्हाई, म्हशीला चाटू द्यायचं न्हाई. हातात मोजे घालायचे."

"आन आठ वर्षं लपवला कशाला?"

सहादेवचं हसू गेलं. त्यानं फडकं उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "लपवला न्हाई. निवृत्त झालो तवा दादासाठीच आनलेला. चारदा घेऊन निघालो. दर बारीला तुमी दारात बसलेल्या. मग दादाच गेला."

छबूबाईनं पट्टीवरचा गोळा पुन्हा बघितला. चारदा, म्हणे. मोजून ठेवलंय. खरं बोलतोय की काय, हे तिला चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तो वाटणीच्या दिवशीही असाच दिसला होता. पोळलेलं होतं तिचं तोंड याच गोड बोलण्यानं. पण पट्टीवरचा गोळा खोटं बोलत नव्हता.

"पातेल्यातलं यात परत वतून घोटायला लागंल," तो म्हणाला. "तासभर तरी. ज्ञानाला जमायचं न्हाई, गुठळी ठेवील तो. मी येऊ का काठावर?"

तिनं पट्टी डब्याच्या कडेला निपटली, एक थेंब वाया न घालवता.

"या. पन निम्मीच रंगवायची. निम्म्या अंगाला तुमचा रंग, निम्म्याला आमचं डांबर. दिवाळीला उलटी करून बघू, कोन खरं ते."

"अवो, तसं करू नका. एका अंगाला शेवाळ धरलं की होडी त्याच अंगाला वढती. वल्हं मारून ज्ञानाचा खांदा जाईल."

छबूबाई थबकली. भादव्यातलं ते खोड डोळ्यांपुढं आलं, आणि होडीच्या काठाला गच्च धरलेला पूजाचा हात.

"मग सगळी रंगवा," ती म्हणाली. "पन मागची एक फळी डांबराची ठेवा. आन होडी पान्यात गेली की पहिल्या फेरीला तुमी बसायचं. माझी पोरं मागनं."

"बसतो की."

"पोहता येतं का?"

"न्हाई."

छबूबाईनं चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. तीस वर्षं गोदीत, आणि पोहता येत नाही. मग डबा त्याच्या हातात दिला.

"मोजे घ्या, भावजी," ती वळता वळता म्हणाली. "आन घोटायला मी समोर बसनार हाय."